रेघ ओलांडल्याचा दंड

१ जून १९७१, मंगळवार

नवी वही. गेल्या वर्षीची अर्डिसने रद्दीबरोबर जाळली. चुकून, म्हणे. बायकोला काय बोलणार.

यंदाचा निश्चय एकच: पेनल्टी शून्य. गेल्या मोसमात सोळा स्पर्धा झाल्या आणि सोळाही वेळा आमच्या पथकाला रेघेचा दंड बसला. मैदानाच्या चारी बाजूंना चुन्याची रेघ असते. ढोल-बिगुल वाजवत चालताना कुणाचं पाऊल तिच्याबाहेर पडलं की एक दशांश मार्क कापतात. दर पावलाला एक दशांश. शिवाय वाजवणं चालू असताना आम्ही शिकवणाऱ्यांनी रेघेच्या आत यायचं नाही, आलं की दर वेळेला एक दशांश, असंही कलम आहे. ते आपलं नावापुरतं. रेघ मोडतात ती पोरंच.

आज पथक चालवणाऱ्या क्लबात बैठक होती. अध्यक्ष ऑर्व्हिल बास्टने स्पष्टच सांगितलं की ऑगस्टमध्ये राज्य स्पर्धेत पहिल्या दहांत आलात तर पथक राहील, नाहीतर बंद. सरावाच्या हॉलमध्ये त्यांना बोलिंगच्या लेन टाकायच्या आहेत. मी म्हटलं, बास्ट, लेनवाल्याला सांग घरी बस म्हणून. आमचं प्रेरी हुसार्स पथक बावीस वर्षं उभं आहे आणि मी बावीस वर्षं त्याचा डायरेक्टर आहे.

बावन्न पोरं. हातात नऊ आठवडे. पुष्कळ झाले.

५ जून, शनिवार

पहिली स्पर्धा. पोरांनी झकास वाजवलं. मी रेघेशी पुतळ्यासारखा उभा. आर्मीत तीन वर्षं काढलेला माणूस हलत नसतो. (भांडारात होतो, पण शिस्त तीच.)

पेनल्टी तीन दशांश.

दंड टिपणारा हॅल्व्होरसन नावाचा नवा जज्ज आहे. पाटीवर कागद लावून रेघेच्या कडेकडेने फिरतो. सबंध वेळ माझ्याच आसपास घुटमळत होता. ओळख वाढवायची असेल.

६ जून, रविवार

अर्डिस सकाळपासून धुसफुसते आहे. माझे काळे बूट टाचेपर्यंत चुन्याने माखलेत म्हणे. तिला समजावलं की वाऱ्याने चुना उडतो. ती म्हणाली, काल वारा कुठे होता? विषय वाढवला नाही.

दंडाचा कागद डब्यात टाकला. बिस्किटांचा रिकामा डबा आहे, त्यात मागचेही सगळे आहेत. मी फक्त आकडा बघतो. खाली बारीक अक्षरात तपशील असतो, तो वाचत बसणं हे कारकुनाचं काम. माझ्या हाताखाली व्हर्ना झुल्के दोन वर्षं पोरांना चालणं शिकवते. तीही म्हणाली, एलरॉय, एकदा तो कागद खालपर्यंत वाच की. मी म्हटलं, व्हर्ना, आजार कळल्यावर डॉक्टरचं अक्षर वाचायची गरज नसते.

९ जून, बुधवार

नामी युक्ती काढली. सरावाच्या मैदानावर रेघेवरून दोरी ताणली आणि शेतकरी मेयरच्या गोठ्यातून गाईंच्या अठरा घंटा आणून तिला बांधल्या. कुणी रेघेला शिवलं की खणखणाट.

संध्याकाळभरात घंटा अकरा वेळा वाजली. त्यातल्या नऊ वेळा मीच होतो. दोरी नीट ताणली आहे का ते बघत होतो. राहिल्या दोन, त्यातली एक मेयरचा कुत्रा. म्हणजे गुन्हेगार एकच. सापडल्याशिवाय राहत नाही.

१२ जून, शनिवार

पेनल्टी दोन दशांश. हॅल्व्होरसन पुन्हा माझ्या मागे-मागे. एकदा खांद्यावर हातही ठेवला आणि काहीतरी बोलला, पण ढोलांत ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. सभ्य माणूस दिसतो.

१५ जून, मंगळवार

गुन्हेगार सापडला. डोरीन किटेल. वय चौदा, झांजा वाजवते, रांगेच्या अगदी टोकाला, रेघेजवळ. पाय आखूड. आखूड पायांची मुलगी वळणावर मागे पडणार, मग लांब ढांग टाकणार, आणि ढांग पडणार रेघेबाहेर. सरळ हिशेब आहे.

तिला बाजूला घेऊन सांगितलं, युनिफॉर्म परत कर. ती म्हणाली, मिस्टर टेश, मी रेघेला एकदाही शिवले नाही, मी पावलं मोजते. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

१७ जून, गुरुवार

डोरीनची आई घरी आली. चीजच्या कारखान्यातून थेट, डोक्यावर जाळी तशीच. म्हणाली, अहो, पोरगी रात्रंदिवस स्वयंपाकघरात टेबलाभोवती पावलं मोजत फिरते, आठवर वळते, सोळावर थांबते, मला भांडी घासू देत नाही, आणि तुम्ही म्हणता हिचं पाऊल चुकतं? मी तिला शिस्त म्हणजे काय ते सांगितलं. पुरतं ऐकून न घेताच निघून गेली. युनिफॉर्म मात्र धुऊन, इस्त्री करून, कागदी पिशवीत घालून आणला होता.

टोपीच्या आत पेन्सिलीने सगळ्या पावलांचे आकडे लिहिले होते. खोडून टाकले. दुसऱ्या कुणाला टोपी द्यावी लागेल.

१९ जून, शनिवार

डोरीन नाही. पेनल्टी तीन दशांश.

म्हणजे तिने बाकीच्यांनाही सवय लावून ठेवली. असं होतं. नासका बटाटा काढला तरी पोत्याला वास राहतोच.

२६ जून, शनिवार

झेंडेवाल्यांपैकी एक मुलगी आणि मोठा बिगुल वाजवणारा एक मुलगा, दोघांना काढलं. दोघंही टोकाला चालायचे. एकोणपन्नास राहिले.

पेनल्टी दोन दशांश. बघा, कमी झाली.

६ जुलै, मंगळवार

डोरीन सरावाला येते. कुंपणाबाहेर उभी राहते आणि हातांनी झांजांचा ताल धरते. व्हर्नाने दोनदा तिला लिंबाचं सरबत नेऊन दिलं. मी व्हर्नाला म्हटलं, असल्याने शिस्त बिघडते. व्हर्ना म्हणाली, एलरॉय, तू काही बोलू नकोस, आज मला फार राग आलेला आहे. उकाडा फार आहे, हे खरं.

१० जुलै, शनिवार

मोठा बदल केला. पोरांच्या चालण्याची सगळी आखणी चारी बाजूंनी पाच पावलं आत ओढली. आता रेघ इतकी लांब की पोरांनी ठरवलं तरी पाऊल बाहेर जायचं नाही.

मधल्या वळणावर दोन रांगा एकमेकींवर आदळल्या. एकीचा ओठ बिगुलावर फुटला, एकाचं मनगट गेलं. रक्त युनिफॉर्मच्या पांढऱ्या पट्ट्यावर सांडलं, थंड पाण्याने निघतं. मुलीने तशाच ओठाने शेवटपर्यंत वाजवलं. अशी पोरं मी तयार केली आहेत.

पेनल्टी दोन दशांश. पाच पावलं आत असून. हे मात्र अजब आहे. हॅल्व्होरसनने काही कारणाने आमच्यावर डूख धरला असावा.

१३ जुलै, मंगळवार

व्हर्ना घरी आली. बसली नाही. स्वयंपाकघरात उभी राहून एका दमात सांगून मोकळी झाली की पोरांपैकी कुणीच रेघ मोडत नाही, रेघ तू मोडतोस. ढोल सुरू झाले की तू तोंडाने ताल धरतोस, मग हात हलवतोस, मग त्यांच्याबरोबर चालायला लागतोस, आणि चालत चालत थेट आत जातोस. गेल्या शनिवारी तू सात पावलं आत होतास. सगळ्यांना दिसतं. पोरांना दिसत नाही, कारण त्यांना समोर बघायला तूच शिकवलंयस.

मी विचारलं, मग दोन वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, दर आठवड्याला बोलते आहे.

बाईला डायरेक्टर व्हायचंय. हे मला बरेच दिवस वाटत होतं. अर्डिस भांडी विसळत होती, मागे वळलीसुद्धा नाही. तिला तरी काय कळणार त्यातलं.

१४ जुलै, बुधवार

विचार केला. व्हर्नाला खोटं पाडायचं तर एकच मार्ग आहे. शनिवारी मी प्रेक्षकांत बसणार. पेनल्टी बसली की तिचं तोंड बंद.

१७ जुलै, शनिवार

प्रेक्षकांत बसलो. पेनल्टी शून्य.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या गेल्या आठवड्याच्या ओरडण्याचा परिणाम. कधी कधी औषध उशिरा लागू पडतं. पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. व्हर्ना माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं.

३१ जुलै, शनिवार

पुन्हा प्रेक्षकांत, पुन्हा शून्य. राज्यात आठवं-नववं सहज येऊ, असं बास्टसुद्धा म्हणाला. व्हर्नाने माझ्याकडून शब्द घेतला की राज्य स्पर्धेत खाली उतरणार नाही. हातावर हात ठेवून घेतला. दिला. मला काय, कुठेही बसलो तरी पथक माझंच.

डोरीनचं नाव तिने पुन्हा काढलं. म्हटलं, मोसम संपू दे.

७ ऑगस्ट, शनिवार. राज्य स्पर्धा

चौदाव्या रांगेत बसलो. अर्डिसने भाजलेली ब्राटवुर्स्ट सॉसेज आणली होती. खाल्ली नाही.

पोरं आली. देवाशपथ, इतकं सुरेख त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. सगळं मैदान उभं राहिलं. आणि मग ढोलांच्या तुकडीत टोकाचा वेंडेल रुश रेघेकडे सरकायला लागला. चौदाव्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं. आता जातो, आता जातो. अर्डिसने माझी बाही धरली होती, ती कधी सुटली कळलं नाही.

खाली गेलो. नुसता रेघेशी उभा राहून त्याला हाताने आत घेत होतो. एवढंच. त्याने बघितलंही नाही. शेवटी सगळे एका रांगेत समोर येतात, तेव्हा मी थोडा पुढे झालो असेन. त्यांच्या पुढ्यात नाही. बाजूला.

दहावं पथक ७१.४. आम्ही ७१.३. अकरावे.

पेनल्टी दोन दशांश.

८ ऑगस्ट, रविवार

कालच्या परतीच्या बसबद्दल लिहायचं राहिलं.

वीस मैल गेले. मग वेंडेल उठला. सोळा वर्षांचा दांडगा मुलगा, बाप ट्रक चालवतो. म्हणाला, मिस्टर टेश, माझ्यामुळे झालं. दुसऱ्या वळणावर माझी टाच रेघेवर पडली असणार, मला तेव्हाच वाटलं होतं. मग झेंडेवाली एक मुलगी म्हणाली, नाही, ते मी होते. मग ओठ फुटलेली. मग मागच्या बाकावरचे दोघं भाऊ. अर्ध्या वाटेपर्यंत नऊ जणांनी कबूल केलं. धाकटा भाऊ हुंदके देत होता आणि थोरला त्याला म्हणत होता, अरे तू नाही, मी.

व्हर्ना पुढच्या सीटवर माझ्याकडे तोंड करून बसली होती. माझ्या बोलण्याची वाट बघत होती, हे मला कळत होतं.

मी दांडी धरून उभा राहिलो. म्हटलं, झालं ते झालं. मनात आणू नका. मी तुम्हाला माफ केलं.

दोघा-तिघांनी थँक यू म्हटलं. व्हर्ना मधल्याच एका गावात उतरली. तिथे तिचं कुणीही नाही.

९ ऑगस्ट, सोमवार

कागद खालपर्यंत वाचला. वादक, शून्य. शिक्षक रेघेच्या आत, दोन वेळा. हॅल्व्होरसनचं अक्षर चांगलं आहे, शाळामास्तरासारखं.

डब्यातले बाकीचे काढले नाहीत. वेळ नव्हता.

१२ ऑगस्ट, गुरुवार

क्लबाने पथक बंद केलं. हात वर करून मतं घेतली, तीन मिनिटांत उरकलं. बास्टने विचारलं, कुणाच्या पावलाने गेलं हे? कागद माझ्या कोटाच्या खिशात होता. मी म्हटलं, पोरं लहान आहेत, नावं घेऊन काय करायचं. सभेला ते आवडलं. बास्टने सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला.

पोरं युनिफॉर्म जमा करायला रांगेत उभी होती. एकोणपन्नास पिशव्या मोजून घेतल्या. वेंडेलने माझ्याकडे वर बघितलं नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार

अर्डिस बहिणीकडे गेली आहे. कधी येणार ते सांगितलं नाही.

दुपारी फोन आला. शेजारच्या काउंटीच्या पथकाचा डायरेक्टर. म्हणाला, तुमचा वेंडेल रुश आमच्याकडे आलाय, पुढच्या वर्षी घ्या म्हणतो. हात छान आहे पोराचा. पण स्वतःच सांगतो की माझ्या पावलामुळे आमचं पथक बुडालं. एवढ्याशा पोराने असं स्वतःवर का घ्यावं? खरं आहे का हे, मिस्टर टेश? तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता घेतो.

मी म्हटलं, मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे, घरचे चांगले आहेत. फक्त रेघेजवळ ठेवू नका.

तो म्हणाला, आभारी आहे, आमच्याकडे आता रेघेजवळचीच जागा रिकामी आहे.

त्याला घेतलं नाही. मी तर चांगलंच बोललो होतो त्याच्याबद्दल.