दोनदा नको

शनिवार, १४ जून १९८६

आजोबांच्या घरी जाऊन आले. चालत. तिकीट काढून! ज्या घरात जन्मले त्याचं तिकीट. भावाने, निल्सने, मरायच्या आधी घर इतिहास जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, तेव्हापासून आमच्या दोन लाकडी खोल्या ‘माळरानावरच्या पहिल्या कुटुंबाचं घर’ म्हणून जपून ठेवल्या आहेत. आईच्या चुलीपुढे दोरी बांधली आहे. मी दोरीच्या अलीकडे उभी राहिले, इतर लोकांसारखी.

घर दाखवायला नवी मुलगी ठेवली आहे, डेनिस. ॲरिझोनाची. लाटणं हातात धरून सांगत होती की हे कपड्यांच्या सुरकुत्या काढायचं. राहवलं नाही. म्हटलं, “अगं, ते लेफ्सेचं. बटाट्याच्या पोळ्या लाटायचं.” ती हसली. मग तासभर मीच बोलले. नऊ जण कुठे कुठे झोपायचो, हिमवादळात दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून त्याला धरून गाईंकडे कसं जायचं. लोक ऐकत होते. माझा नवरा सिगुर्ड गेल्यापासून नऊ वर्षांत इतकं कुणाशी बोलले नव्हते.

शनिवार, २१ जून

डेनिसने आपण होऊन विचारलं. “मिसेस हॉगन, दर शनिवारी येऊन बसाल का इथे? लोकांना सगळं तुम्हीच सांगत जा.”

इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, “छे गं, मला म्हातारीला काय येतंय.”

“बरं, मग राहू दे,” म्हणाली आणि खिडक्या लावायला गेली.

राहू दे? नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या आम्हा माणसांत साधी कॉफीसुद्धा तीनदा विचारल्याशिवाय कुणी घेत नाही. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा ‘अर्धाच कप’. पहिल्या शब्दाला हो म्हणेल तो हावरट. असो. पुढच्या शनिवारी विचारेल.

२८ जून

नाही विचारलं.

५ जुलै

बिस्किटं भाजून नेली. बंद होईपर्यंत थांबले. दोनदा म्हणून पाहिलं, “घरी तरी मला काय काम असतं?” ती म्हणाली, “मजा आहे तुमची. छान आराम करा.”

पोरगी वाईट नाही. तिला आग्रह म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नाही.

गुरुवार, १७ जुलै

दुकानात लुडी कोवार भेटली. “अगं राग्ना, त्या पोरीने मला शनिवारी बसायला बोलावलंय. तुझ्या आजोबांच्या घरात!”

“मग? काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? हो म्हटलं.”

“लगेच?”

“मग काय मुहूर्त काढू? तुमच्यासारखे आढेवेढे घेत बसले तर कॉफी गार होईल.”

हिचं घराणं बोहेमियाचं. आमच्यानंतर वीस वर्षांनी इथे आलं. आमच्या घरात ती लहानपणी एकदा आली होती, तीही पाऊस लागला म्हणून. साखर घ्यायची विसरून घरी आले.

२६ जुलै

उगाच गेले. लुडी दोरीच्या पलीकडे, आईच्या खुर्चीत. हिमवादळाची गोष्ट सांगत होती. माझीच, आणि तीसुद्धा चुकीची. गाईंच्या जागी मेंढ्या. मी मागे उभी राहून ऐकली. एका बाईने विचारलं, “तुम्ही इथल्याच का?” म्हटलं, “हो, जवळच राहते.”

घरी येऊन रडले. चूक कुणाची म्हणावी? माझीच.

९ ऑगस्ट

गेले नाही. आज दिवसभरात एक शब्दही बोलले नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

प्रार्थनेनंतर पास्टर म्हणाले, “राग्ना, तुम्हीच का नाही सांगत तिला, की मला यायचंय म्हणून?” म्हणाले खरे, आणि स्वतःच ओशाळले. तेही आमच्यातलेच. आपल्या तोंडाने मागायचं? ते या जन्मी जमायचं नाही.

पण एवढं ठरवलं: पुन्हा विचारलं, तर पहिल्याच शब्दाला हो. लाज गुंडाळून ठेवायची. स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं. “हो. हो, आनंदाने.” कानाला विचित्र वाटलं, पण जमलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

डेनिसचा फोन. “मिसेस हॉगन, घराबद्दल एक विचारायचं होतं...”

“हो,” मी म्हटलं.

“अहो, आधी ऐकून तरी घ्या.”

“हो म्हटलं ना. आनंदाने हो.”

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाली, संस्थेला वाटत होतं तुम्ही अडून बसाल. घर हलवायचं तर घरच्यांची संमती हवी, अशी अट निल्सने घातली होती, आणि घरची आता मी एकटीच उरले. वसंत आला की घर ट्रकवर चढवून जिल्ह्याच्या गावी नेणार, नव्वद मैलांवर.

“पुन्हा एकदा विचार गं,” एवढंच म्हणायचं होतं. तोवर तिने आभार मानून फोन ठेवला होता.