सातव्या मजल्यावरचा चेहरा

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलं नसशील, असं धरून चालते. पाच वर्षं आपलं बोलणं नाही, तेव्हा आधी बातमी सांगते. मला नोकरी लागली आहे आणि मी नरक रंगवते. हसू नकोस. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रकार आहे. आमच्या गेममध्ये खेळणारा लिफ्टने सात मजले खाली उतरतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याला एकेका प्रकारचे पापी भेटतात. मावशी मात्र सगळ्यांना सांगते की पोरगी कम्प्युटरवर काहीतरी करते.

कामासाठी मध्ययुगातल्या कवींची नरकवर्णनं वाचली आणि थक्क झाले. सिनेमातला नरक घे, कार्टूनमधला घे, नाहीतर जाहिरातीतला; मजले, पहारेकरी, पापाला साजेशी शिक्षा, सगळं या मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. आम्ही फक्त लिफ्ट आणि खेळाचे गुण वाढवले. आणि हे कवी इतके खट, की ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांना खुशाल कवितेत नेऊन शिक्षा भोगायला बसवायचे. ही सोय आम्हालाही आवडली. आमच्या साहेबांनी आपल्या जुन्या घरमालकाला तिसऱ्या मजल्यावर चिखलात उभं केलंय. भर वर्गात माझं चित्र फाडणाऱ्या त्या चित्रकलेच्या बाई आठवतात? त्यांना मी रांगेत उभं केलंय, आणि त्यांचा नंबर आला की खिडकी बंद होते. फार बरं वाटलं.

सातव्या मजल्यावर आग नाही, बर्फ आहे. आपल्याच माणसाला तोडणाऱ्यांची ती जागा. तिथे एक चेहरा हवा होता आणि, खोटं कशाला सांगू, मी तुझा काढला. हनुवटीवरचा तीळ, मला सायकल शिकवताना तुटलेला दात, सगळं हुबेहूब. पण तुझं रडवेलं तोंड काही केल्या जमेना. मला पाठ होता तो हसू दाबणारा चेहरा, बाबा रागावत असताना तू माझ्याकडे बघायचीस तो. मग काय, गेम तपासायला बोलावलेली माणसं तुझ्यापाशीच रेंगाळायला लागली. एका शिंपीणबाईंनी तर विचारलं, हिला शाल द्यायचं बटण कुठलं म्हणून. साहेब वैतागले.

प्रत्येक पाप्याचं एक कार्ड असतं आणि त्यावर त्याचं पाप एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, न सांगता लग्न करून निघून गेली. साहेब माणूस काटेकोर. त्यांनी मला समोर बसवून खोदून खोदून विचारलं आणि मीही सगळं सांगून टाकलं. टेबलावरची तुझी चिठ्ठी, त्याच संध्याकाळी आलेला तुझा फोन, मला बहीण नाही असं म्हणून मी तो ठेवला ते, आणि त्यानंतर वर्षभर तू करत राहिलीस ते फोन, जे मी उचलले नाहीत. साहेबांनी शांतपणे नियमांची वही उघडली. हा मजला तोडणाऱ्यांचा आहे, निघून जाणाऱ्यांचा नाही, चेहरा चुकलाय, दुरुस्त करा, एवढं बोलून ते चहाला गेले. वाईट वाटलं, ताई, फार वाईट वाटलं.

आता बर्फात मी आहे. नाक आहे तेवढंच काढलंय, जरासुद्धा लहान केलेलं नाही. माझ्यापाशी कुणी थांबत नाही. बर्फाचे दोन गोळे मारतात आणि पुढे जातात. सुटकेचा मार्ग साहेबांनी एकच ठेवलाय. जिला तोडलं, तिने येऊन ‘चल, ऊठ’ म्हणायचं. त्या दोन शब्दांचं रेकॉर्डिंग पुढच्या सोमवारी आहे. एक नटी ठरली होती, तिला मी नको म्हणून कळवलंय. ताई, माझं चुकलं. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी दुसऱ्या कुणाचा आवाज मी घेऊ देणार नाही. बसून राहीन तिथेच, नियमाला धरूनच आहे ते.

तुझीच,
बारकी