दोन दिवे आणि बाजूची गिरणी

बोथ, बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७

दोन्ही दिवे अजून लुकलुकून राह्यले. लिहिता लिहिता दोनदा उठून पाहिलं.

तीन दिवसांपासून मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे अनेक कामं ठरल्या वेळी आलटून पालटून चालवणारा प्रोग्राम, बसवतोय. बोर्ड उसना आणलेला, शुक्रवारी परत द्यायचा. एका कामाचा हिरवा दिवा, दुसऱ्याचा लाल. पण मधातच दोन्ही विझत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दोष प्रोग्रामातच आहे असं धरून मी तो चारदा नव्याने लिहिला.

काल बायको म्हणाली, "बाजूची गिरणी सुरू झाली का तुमचे दिवे विझतेत." मी खेकसलो, "तुले काय समजते यातलं?" काऊन बोललो असा? ज्वारी दळाले न्यायची म्हणून तिचे कान गिरणीकडेच असतात. माझे कुठे होते?

दुपारी गिरणीवाल्या राजन्नाले सांगतलं, गिरणीची मोटर सुरू झाली का वीज दबते अन् माझा बोर्ड बंद पडते. तो हसला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी काढून स्वतः उचलून घेऊन आला. म्हणे, "दोन दिवस ट्रॅक्टरले काम नाही, ठेवा."

बोर्ड त्या बॅटरीवर जोडला. संध्याकाळी गिरणी सुरू झाली, दिवे चालूच राहिले. बायकोने दारातून पाहिलं. मीच ज्वारीचं दळण उचललं आणि गिरणीत नेलं. रांगेत उभं राहून तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकला.