सगुणसाठी छोटी लिंक

१८ नोव्हेंबर २०१९

लिंक मेली! बांद्यापासून म्हापशापर्यंत बसस्टँडवर दोनशे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ज्या फुकटच्या साइटवर सगुणसाठी केलेल्या पानाचा लांबलचक पत्ता छोटा करून घेतला, तिने न सांगता तो बंद केला. आता टाकला की कोरं पान.

सगुणने आजच टाकला असेल तर?

तो जाऊन सतरा महिने झाले. खाणी बंद पडल्या, खनिज वाहायचा टिपर दारात उभा. सगुण म्हणाला विकूया, मी बाहेर काम बघतो. बाबा म्हणाले, "गेलंस तर परत येव नाका." तो गेला. धाकटा भाऊ असून माझ्यापेक्षा हट्टी. नंबरही बदलला. त्या पानावर त्याचे फोटो आहेत, माझा नंबर आहे, ‘फोन कर’ एवढंच लिहिलंय.

१९ नोव्हेंबर

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रेश्माला सांगितलं. "दुसऱ्याच्या दारात कित्याक रावतंस? घरचो कॉम्प्युटर आसा मगो? त्याच्यारच लिंक छोटी करूया. कितीदा उघडली तेंय कळतलें."

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून रेश्मा आमच्याकडे मुळगावात. तीनदा केलं, तीनदा फसलं. घरात उघडते, बाहेर नाही — राउटर बाहेरच्याला आत घेईना. मग दुपारी वीज गेली. साडेचारला रेश्मा रस्त्यावर जाऊन आपल्या मोबाइलवर बघून आली. उघडली!

बाबा दारात उभे होते. "ह्या सगळ्यान तो येतलो?"

आता हा कॉम्प्युटर बंद करायचा नाही. बंद पडला की लिंकही बंद.

२५ नोव्हेंबर

नव्या चिठ्ठ्या लावल्या — पेडणे, बांदा, सावंतवाडी. मोजणी: चार. चारही आमच्याच दोघींच्या. शाळेच्या ऑफिसात बसून दहा वेळा बघितलं.

२९ नोव्हेंबर

चार दिवस रोज एक. दुपारी तीनच्या सुमारास. तोच असणार, जेवणाच्या सुट्टीत.

आईला सांगून बसले. सांगायला नको होतं. तिने त्याचे शर्ट धुवून वाळत घातले.

२ डिसेंबर

रेश्माने दाखवलं — कुठल्या कनेक्शनवरून उघडली, त्याचा नंबर नोंदीत असतो. तीनच्या सगळ्या नोंदींना एकच नंबर. आमच्याच घरच्या वायफायचा.

तीनला मी शाळेत असते. आईचा मोबाइल साधा, नुसता बोलण्यापुरता.

३ डिसेंबर

अर्धी रजा घेऊन घरी आले. आई आत निजलेली. बाबा सोप्यावर, मोबाइल डोळ्यांजवळ धरलेला. दचकले नाहीत.

"हो फोटो व्हडलो कसो करतात गो?"

दोन बोटांनी करून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हांगा म्हजें कांय बरोवं येता?"

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. ‘सगुण, म्हाका राग आयिल्लो. आतां ना. — बाबा.’ फोटो आणि माझ्या नंबरासकट नवं पान केलं आणि छोटी लिंक त्याच्याकडे वळवली. चिठ्ठ्या आहेत तशाच राहतील.

आईला अजून सांगितलेलं नाही, की तीनला उघडणारा कोण होता.

५ डिसेंबर

काही नाही. तीनची तेवढी एक.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी लिंक बाहेरून उघडली. दोनदा.

सव्वाबाराला माझा मोबाइल वाजला. मी विहिरीवर होते, धावत येईपर्यंत बाबांनी उचलला. पलीकडून कोणी बोलेना. मग बाबा म्हणाले, "जेवलंस मा रे?"