घासून गेलेला नंबर

रविवार, संध्याकाळ

उद्या सकाळी जुन्या गाड्या जमवणारे नागपूरचे साहेब येणार, आणि आमच्या जीपच्या इंजिनावर नंबरच नाही. म्हणजे होता. बाबांनीच घासून घालवला.

चिखल्याच्या खाणीतल्या लिलावात बाबांनी ही पेट्रोल जीप घेतली होती. सगळे म्हणत, डिझेल इंजिन बसवा, परवडेल. बाबांनी ऐकलं नाही. साहेबांना ती हवी आहे ती त्यामुळेच. फोनवर मी छातीठोकपणे म्हणालो, इंजिन मूळचंच आहे, आरसी बुकाशी नंबर जुळवून घ्या. आज टॉर्च मारला तर ती जागा गुळगुळीत. इंजिनावर सपाट जागा तेवढीच, म्हणून दर दसऱ्याला बाबा तिथंच पॉलिश पेपर मारून कुंकू लावत आले.

साहेब काय समजतील? चोरीचं इंजिन?

मेकॅनिक संजय म्हणाला, "टेन्शन कायले घेऊन राहिला बे? आरसी पाहून नंबर ठोकून देतो." मी नाही म्हणालो नाही. का नाही अडवलं? इंजिन खरं, नंबरही खरा. मग खोटं काय? पण त्यानं आकडे ठोकायचा पंच हातात घेऊन आधी चोरासारखं दाराकडे पाहिलं, आणि मीही वळून पाहिलं.

दारात बाबा होते. त्यांनी पंच पाहिला, ती गुळगुळीत जागा पाहिली. आत जाऊन कुंकू आणलं आणि तिथंच बोट टेकवलं.

"आता दिसंल साहेबाले," म्हणाले, "इंजन कोनाचं आहे ते."