चौथ्या नळीचे टाके

उचगाव, जि. कोल्हापूर
ता. १२ फेब्रुवारी २००२

प्रिय प्रसेनदादा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे. मनालीच्या परीक्षा जवळ आल्या असतील, तिला जास्त ओरडू नकोस. आईने तुमच्यासाठी चटणी कुटून ठेवली आहे, पुण्याला जाणारं कोणी भेटलं की धाडून देते.

आता गाडीचं. तू कळवल्याप्रमाणे हातकणंगल्याचे रुद्रय्या रविवारी आबांची पिकप बघायला आले. बघून गेले. घेतली नाही. लगेच रागावू नकोस, आधी पत्र शेवटपर्यंत वाच.

ते आले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि मी गाडीखाली होते. मला वाटलं शेजारचे गणपतराव आलेत. "काका, तेवढा चौदाचा पाना द्या की," असं मी खालूनच म्हणाले. बिचाऱ्यांनी शोधून दिला. मग वाकून म्हणाले, "ताई, मी गाडी घ्यायला आलोय. ही तर निम्मी भुईवर हाय की!"

चहा पिऊन गेले. माणूस चांगला आहे.

शेडात मागच्या भिंतीला गोणपाटात गुंडाळून एक वस्तू टांगलेली होती. 'ते लोखंडाचं बोचकं भंगारात घाल' असं तू लिहिलंस, त्यावरूनच कळलं की तुला ती पक्की आठवते. मला मात्र ती काय आहे हे कधी नीट कळलंच नव्हतं. आबा आजारी पडेपर्यंत मी शेडात फक्त बॅटरी धरायचे, आणि बॅटरी धरणाऱ्याला कोणी काही समजावून सांगत नाही. म्हणून भंगारात घालण्याआधी उघडून बघितली. चार वाकड्या नळ्या, वर एका जाड पट्टीला जोडलेल्या, खाली एका मोठ्या नळीत शिरणाऱ्या. पट्टीची भोकं मोजली, इंजिनाची मोजली. जुळली! मग आबांचं एक बोलणं आठवलं. "चार जणं एकाच दारातनं भाईर पडाय लागली की ढकलाढकली हुतीया. ज्येला त्येला आपलं दार दिलं की इंजिन मोकळं पळतंय." तेव्हा वाटायचं, आबा घरातल्या माणसांबद्दल बोलतायत.

आणि मला राहवलं नाही. शुक्रवारी इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या जुन्या मॅनिफोल्डच्या नटांवर रॉकेल ओतलं, शनिवारी पाना लावला. उतरवताना त्याचा कान तुटला.

इथे एक खरं सांगते. शेवटचा नट निघालेला नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी हातोडा घातला. जुनं परत बसवता आलं असतं तर रुद्रय्या गाडी घेऊन गेले असते.

खरी गंमत पुढेच. आबांनी केलेलं नवीन मॅनिफोल्ड काही केल्या बसेना. तिसरी नळी गाडीच्या चासीला अडायची. वरून घातली, खालून घातली, तिरकी करून घातली. गणपतराव म्हणाले, "काप की पोरी दोन बोटं, न्हाईतर ठोकून चपटी कर." मी म्हणाले, आबांनी माप चुकवलं असेल हे मला पटत नाही. ते म्हणाले, "माणूस हुता, द्येव न्हवता."

रविवारी रुद्रय्या गेले तरी मी बसूनच होते. अंगणातल्या फरशीवर तेलाचा तो जुना काळा डाग आहे ना, त्याच्याकडे बघत. आणि एकदम लक्षात आलं. तू पुण्याला गेलास त्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, इंजिन रिंगा बदलायला खाली काढलेलं होतं. आबांनी ते तिथेच अंगणात ठेवून माप घेतलं! इंजिनाला नळ्या चोख बसत होत्या, पण शेजारी चासी नव्हतीच. घाई कोणाची होती ते तुलाच ठाऊक.

मग काही कापलं नाही. इंजिन चासीला धरणारे फाउंडेशनचे बोल्ट ढिले केले, तेलाच्या चेंबरखाली फळी घालून जॅक लावला, इंजिन चार बोटं उचललं. सगळं सुळकन आत गेलं. मी एकटीच शेडात मोठ्याने हसले. आई विचारत आली, "काय झालं गं, लागलं का?"

बसवण्याआधी नळ्या घासत होते तेव्हा दिसलं, की तीन नळ्यांचं वेल्डिंग पूर्ण आहे आणि चौथीला जागेवर धरण्यापुरते नुसते तीन टाके आहेत. ते तुझे. आबांचा नियम तुला माहीत आहे, टाका ज्याने मारला त्यानेच वेल्डिंग पुरं करायचं. दुसऱ्याच्या टाक्यावर त्यांनी उभ्या जन्मात वेल्डिंगचा होल्डर टेकवला नाही. त्या दिवशी पुण्याला जाण्यावरून तुम्हा बापलेकांचं भांडण झालं, "ग्येलास तर शेडात परत पाय ठेवायचा न्हाय," असं ते म्हणाले, आणि तू ते धरूनच बसलास. दर जयंतीला आलास, बाहेरच्या खोलीत जेवलास, तिथूनच परत गेलास. त्यांनी गाडी तुझ्या नावावरून काढली नाही आणि ते गोणपाटही काढलं नाही.

आता जे मी सहा महिने लिहायचं टाळते आहे ते लिहिते. जाण्यापूर्वी आठ दिवस आबा मला म्हणाले होते, "प्रसेनला सांग, त्येचं टाकं तसंच हायती. कवा बी ये म्हणावं." त्या आठ दिवसांत तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा 'माझ्याबद्दल काही म्हणाले का' असं विचारलंस, आणि मी नाही म्हणाले. मला भीती वाटली. तू आलास की शेड तुझी होईल, गाडी तुझी होईल आणि मी परत बॅटरी धरीन, असं वाटलं. ते इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. दादा, मी चुकले. याला दुसरा शब्द नाही.

काल गाडी चालू केली. तीन नळ्या नीट घुमतात, चौथी फाटक्या तोंडाने फटफटते. अर्धी गल्ली गोळा झाली. उद्यमनगरातली एक फौंड्री मार्चपासून कास्टिंगची ने-आण मला द्यायला तयार आहे. मला ही गाडी हवी आहे, चालवायला.

वेल्डिंग मला येतं. आबांनीच शेवटच्या वर्षी शिकवलं. रॉड आणून ठेवलेत, अर्ध्या तासाचं काम आहे. पण टाके तुझे आहेत, मी होल्डर टेकवणार नाही. एक तर तू ये, शेडात पाय ठेव आणि ते पुरं कर. नाहीतर 'टाके तुला दिले' एवढंच एका कार्डावर लिहून पाठव. त्यानंतरही गाडी विकायचीच असेल तर वीक, मी अडवणार नाही.

आलास तर बॅटरी मी धरते. शेवटची.

तुझी,
आबांचा निरोप सहा महिने उशिरा पोचवणारी
संघप्रिया