देवाची संमती बाकी आहे

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे देवदयेने ठीक. तुझा गुडघा, तुझ्या सौ.ची डोकेदुखी आणि तुझा राग, या तिघांपैकी काय उतरलं ते कळव. (तुझे भावजी म्हणतात, रागाचं लिहू नकोस. म्हणून लिहीत नाही, नुसतं विचारते.) फोन तू उचलत नाहीस, पण पत्र फाडण्याआधी माणूस वाचतोच, म्हणून हा कागद. पाठकोरा आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. कोरा कागद वापरावा इतकं मोठं भांडण अजून झालेलं नाही.

भाच्याने मामाचे गाण्याचे पैसे खाल्ले असं तू नातलगांना सांगत सुटला आहेस, असं कानावर आलं. (आपले नातलग फार तत्पर. आजारपणात एवढे दिसत नाहीत.) तेव्हा घडलं तसं लिहिते.

गाणं तुम्ही तिघांनी केलं. चाल माझ्या लेकाची, शब्द तुझे (दोन कडवी, त्यात एक अख्खी ओळ 'अहाहा'), आणि गळा त्याच्या मैत्रिणीचा, जिला आम्ही चिमणी म्हणतो. ती बोलते तेव्हा ऐकू येत नाही आणि गाते तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेतात. ध्वनिमुद्रण आमच्या मागच्या खोलीत, माझ्या गाद्या भिंतींना उभ्या करून झालं, कारण स्टुडिओला भाडं द्यावं लागतं आणि आईला द्यावं लागत नाही.

पैसे कसे वाटायचे हे ठरवायला लेकाने एक विद्वान आणला. तो दर वाक्यात 'ब्लॉकचेन' म्हणायचा, म्हणून त्याचं नाव पडलं साखळीवाला. तू फोनवर होतासच. त्याने सांगितलं, गाण्याची शंभर टोकनं पाडायची, ज्याची जितकी टोकनं तितका त्याचा वाटा. गाणं कुठेही वाजलं की पैसे आपोआप ज्याच्या त्याच्या नावावर. आणि हा हिशेब असंख्य यंत्रांत एकदमच लिहिला जातो, त्यामुळे कुणाच्या बापाला खोडता येत नाही. मी म्हटलं, चूक झाली तर? तो म्हणाला, काकू, चूकही खोडता येत नाही. यावर तुम्ही सगळे मनापासून हसलात. मी पडले मॅट्रिक, मला विनोद कळला नाही. मी घरखर्च पेन्सिलीने लिहिते.

मग वाटण्या. चिमणी म्हणाली, गळ्याशिवाय गाणं मुकं. लेक म्हणाला, चालीशिवाय ते नुसतं निवेदन. तू तिकडून गरजलास की शब्दांशिवाय गाणं म्हणजे खोकला. (हे ऐकून तुझे भावजी आशेने पुढे सरकले, कारण मुद्रणात त्यांचा खोकला आला होता. तो काढून टाकल्याचं कळल्यापासून ते घरात असतात, पण वावर पाहुण्यासारखा.) शेवटी पाच टोकनं उरली, ती कुणी कुणाला सोडेना, आणि तू रागाने फोन ठेवलास. म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

साखळीवाल्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या कडव्यामागे माझी स्वयंपाकघरातली प्रार्थना पुसट ऐकू येते. तेव्हा ही पाच काकूंची, असं ठरलं. नाव काय घालू, त्याने विचारलं. माझे हात कणकेत. घरात जे येईल त्यातला पहिला वाटा देवाचा, हा माझा नेम तुला ठाऊक आहे. सवयीने म्हणून गेले, माझं कशाला, देवाच्या नावावर घाला.

त्याने घातलं. न खोडता येण्यासारखं.

गाणं चाललं. पैसेही आले, काचेच्या पेटीतल्या माशांसारखे यंत्रात दिसतात. पण पहिल्यांदा बाहेर काढताना प्रत्येक टोकनवाल्याने आपल्या खात्यातून संमतीचं बटण दाबायचं, असा नियम तुम्हीच केलात, कारण तुमचा एकमेकांवर अतोनात विश्वास. तू दाबलंस, लेकाने दाबलं, चिमणीने दाबलं. देवाने अजून दाबलेलं नाही. त्या खात्याचा परवलीचा शब्द लागतो आणि तो साखळीवाल्याकडे नाही. बरं, नियम बदलावा, तर त्यालाही सगळ्या टोकनवाल्यांची संमती हवी. ज्या लेकाला देवापुढे उभं करताना माझा जन्म गेला, तो हल्ली रोज आंघोळ करून हात जोडतो. एवढा फायदा मात्र या नव्या शास्त्राचा मान्य केला पाहिजे.

पैसे दिसतात पण मिळत नाहीत, त्या अर्थी भाचा चोर, असा तू निकाल लावलास आणि यापुढे वकिलामार्फत बोलू असा निरोप धाडलास. त्या दिवसापासून लेकाने वाद्याचं झाकण उघडलेलं नाही. मामाला समजावून का सांगत नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, "आई, मामाने हिशेब मागितला असता तर दिला असता. त्याने वकील मागितला." आणि ताटावरून उठला. त्याच्या अष्टौप्रहर गुणगुणण्याला मी काय कमी नावं ठेवली? आता घरात नळ ठिबकलेला ऐकू येऊ लागला. (तो दुरुस्त करून घेतला. तेवढंच पाणी वाचलं.)

गुडघा शेकत जा. सौ.ला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. परवलीचा शब्द मला पाठ आहे. हात धुऊन मीच घातला होता. कुणाला सांगू नका असं साखळीवाल्याने बजावलं, म्हणून कुणाला सांगितला नाही, आणि तो मला ठाऊक आहे का हे आजवर कुणी विचारलेलंही नाही. मामा-भाचे समोरासमोर बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं देवाचं म्हणणं पडलं. (मी विचारलं होतं.) तेव्हा ये.

आणखी एक. तुझा वाटा मी मांडून पाहिला. त्यात वकिलाच्या जिन्यापर्यंतही पोचता येणार नाही. म्हणून पैशांसाठी येऊ नकोस, नुसता ये. पाकिटात भाडं ठेवलं आहे, घरखर्चातल्या देवाच्या वाट्यातून उसनं. फक्त येण्याचं आहे. जाण्याचं गाण्यातून निघेल, तेव्हा जा.